चष्म्याचा नंबर तपासला, पण डोळ्याचा पडदा?

वस्तीत आरोग्य शिबिर भरलं की सर्वांत मोठी रांग दोन टेबलांपुढे असते. एक शुगरचं आणि दुसरं चष्म्याचं. एका टेबलावर बोटाला सुई टोचून साखर बघतात, दुसऱ्यावर तक्त्यावरची अक्षरं वाचून घेऊन नंबर काढून देतात. दोन्ही कामं चांगली आहेत. पण या दोन टेबलांच्या मध्ये एक गोष्ट राहून जाते. ज्यांना शुगर आहे त्यांच्या डोळ्याचा आतला पडदा कुणी पाहतच नाही. मधुमेह नजरेवर घाला घालतो तो नेमका तिथेच.

शुगर असलेल्या कुणालाही विचारा, "डोळे तपासले का?" उत्तर येतं, "हो, मागच्याच महिन्यात चष्मा बदलला." नाहीतर, "मला काय झालंय? सुईत दोरा ओवते मी अजून." ही दोन्ही उत्तरं खरी असतात, आणि दोन्ही अपुरी असतात.

पडदा हा शब्द आधी नीट समजून घेऊ, कारण त्याने घोटाळा होतो. मोतीबिंदू झाला की आपण म्हणतो, डोळ्यावर पडदा आला. तो पडदा वेगळा. इथे ज्याबद्दल बोलतो आहोत तो डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला पातळ थर आहे. डॉक्टर त्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. थिएटरात सिनेमा बघताना मागून प्रोजेक्टरचा झोत येतो आणि चित्र समोरच्या पडद्यावर उमटतं, तसंच डोळ्यात होतं. चष्मा प्रोजेक्टरची काच नीट करतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येही काचच बदलतात. पण पडदाच खराब झाला असेल तर काच कितीही बदला, चित्र धडपणे दिसणार नाही.

या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहूनही बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात. आपल्या वस्तीतल्या जुन्या पाण्याच्या लाइनचं जे होतं तेच इथे होतं. आधी पाइपाला जागोजागी फुगवटे येतात, मग त्यातून पाणी पाझरतं. पडद्यावर असाच रक्तातला द्रव पाझरतो, रक्ताचे बारीक ठिपके पडतात. हा पाझर पडद्याच्या मधोमध, म्हणजे आपण ज्या जागेने अक्षरं वाचतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो तिथे झाला, तर ती जागा सुजते आणि नजर धूसर होते.

पुढे काही वाहिन्या चोंदतात. पडद्याच्या त्या भागाला रक्त मिळेनासं होतं. मग पाणी येत नाही म्हणून कुणी घाईघाईत कच्ची नळी जोडून घ्यावी, तशा डोळा स्वतःच नव्या वाहिन्या तयार करतो. वाटेल, बरंच झालं की. पण या नव्या वाहिन्या फार नाजूक असतात. त्या फुटतात आणि डोळ्याच्या आतल्या पोकळीत रक्त भरतं. माणूस रात्री चांगला झोपतो आणि सकाळी उठून म्हणतो, "एका डोळ्यासमोर काळं जाळं आलंय." काहींच्या डोळ्यात या वाहिन्यांबरोबर चिवट धागे तयार होतात आणि ते पडद्याला ओढून भिंतीपासून सोडवतात. काहींना डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो.

हे सगळं एका रात्रीत झालेलं नसतं. त्याआधी काही वर्षं आत काम चालू असतं आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. पडदा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. पडद्याच्या कडेकडेला खराबी सुरू असते तोवर मधली जागा शाबूत असते, त्यामुळे तक्त्यावरची खालची ओळसुद्धा वाचता येते. शिवाय दोन डोळ्यांपैकी एक अधू झाला तरी दुसरा त्याचं काम ओढून नेतो. म्हणून "मला दिसतंय" या वाक्यावरून पडद्याची हालत कळत नाही.

हा धोका किती जणांना आहे? देशात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण साडेबारा टक्के लोकांच्या, म्हणजे आठात एकाच्या, पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आढळला. सुमारे चार टक्क्यांची नजर जाण्याच्या बेतात होती. ही आकडेवारी दूरच्या लोकांची वाटत असेल, तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये घरोघर जाऊन केलेली एक पाहणीही आहे. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मधुमेह असलेल्यांपैकी पंधरा टक्क्यांच्या आसपास लोकांच्या पडद्यावर परिणाम दिसला. शंभर शुगरवाल्यांची वस्ती असेल, तर पंधरा घरांत हे आत्ता चालू असू शकतं.

मग तपासणी कधी करायची? मोठ्या वयात होणारा नेहमीचा मधुमेह, ज्याला टाइप टू म्हणतात, तो ज्या दिवशी कळला त्याच वेळी पडद्याची पहिली तपासणी करून घ्यायची. लोक म्हणतात, आत्ता तर शुगर निघाली, इतक्यात डोळ्यांना काय होणार? पण शुगर निघाली आत्ता, ती अंगात होती कधीपासून हे कुणाला ठाऊक? अनेकांच्या अंगात ती काही वर्षं गुपचूप असते. कुणाला जखम भरत नाही म्हणून कळते, कुणाला ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तेव्हा कळते. त्यामुळे पहिल्याच तपासणीत पडद्यावर ठिपके सापडणं नवल नाही. त्यानंतर दरवर्षी एकदा. पडद्यावर काही सापडलं तर सहा महिन्यांनी, तीन महिन्यांनी किंवा त्याहून लवकर, डॉक्टर सांगतील तसं.

लहान वयात इन्सुलिन सुरू झालेल्या मुलांची पहिली तपासणी मधुमेह कळल्यापासून पाच वर्षांच्या आत व्हावी. आणि एक गोष्ट सासूबाईंनी व आईनेही लक्षात ठेवावी. आधीपासून शुगर असलेली सून किंवा लेक गरोदर राहिली, तर पहिल्या तीन महिन्यांतच तिचा पडदा तपासून घ्या आणि पुढेही डॉक्टर म्हणतील तेव्हा. गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो.

तपासणीच्या दिवशी काय होतं

तपासणी दुखत नाही. डोळ्यात औषधाचे थेंब टाकतात, थोडं चुरचुरतं. वीस-तीस मिनिटांत बाहुली मोठी होते. मग डॉक्टर उजेडाच्या यंत्रातून आतला पडदा बघतात किंवा कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढतात. काही कॅमेरे थेंब न टाकताही फोटो घेतात, पण मोतीबिंदू असेल किंवा बाहुली बारीक असेल तर फोटो धूसर येतो आणि मग थेंब टाकावेच लागतात.

खरी अडचण थेंबांनंतरची. चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. म्हणून त्या दिवशी रिक्षा किंवा मोटारसायकल चालवायची नाही, शिलाई मशीनवर बसायचं नाही, उंचावर चढून करायचं काम घ्यायचं नाही. सोबत कुणाला तरी न्या. काळा चष्मा असेल तर न्या, नसेल तर टोपी, छत्री, पदर चालेल.

इथेच आपल्या लोकांची तपासणी अडते. डोळ्यांची काळजी नाही असं कुणी म्हणू नये. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला एक खाडा म्हणजे बोलणी आणि पगारात कपात. नाक्यावर उभं राहणाऱ्याचा एक दिवस गेला की त्या दिवसाची चूल गेली. सरकारी दवाखान्यात एक दिवस केस पेपरला, दुसरा दिवस पडदा बघणाऱ्या डॉक्टरांच्या वाराला, असे दोन दिवस मोडले तर माणूस तिसऱ्यांदा जात नाही. त्यामुळे आधी चौकशी करून जा. पडद्याची तपासणी कोणत्या वारी असते, किती वाजेपर्यंत केस पेपर मिळतो, त्याच दिवशी थेंब टाकतात का, हे आशाताईंना किंवा दवाखान्याच्या खिडकीवर आधी विचारून ठेवलं तर एका दिवसात काम होतं.

दरवर्षीची तारीख लक्षात राहत नाही, ही दुसरी अडचण. यासाठी एक सोपी खूण आहे. १४ एप्रिल आपण कुणीच विसरत नाही. त्या दिवशी दवाखान्याची ओपीडी बंद असते आणि आपणही मिरवणुकीत असतो. पण जयंती पार पडली की पुढच्या आठवड्यात घरातल्या शुगरवाल्यांचा पडदा तपासायचा, असं ठरवून टाकावं. दरवर्षी न चुकता येणारी दुसरी कुठली खूण सोयीची असेल तर ती धरा.

बाबासाहेबांचं नाव इथे आलंच आहे तर एक सांगायला हवं. त्यांना मधुमेह होता. डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढच्या माईसाहेब, यांच्याशी ओळख वाढली ती उपचारांच्या निमित्ताने. अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, वाचन-लेखनाला त्रास होत होता, हे चरित्रांत नोंदलेलं आहे. तशा प्रकृतीतही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी लिहून पुरा केला. १९५६ साली मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यावर डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. पहिला लेझर किरणच १९६० साली तयार झाला. पडद्याच्या या आजारात लेझरने नजर जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ साली दाखवून दिलं. म्हणजे जो उपचार त्या पिढीला मिळूच शकत नव्हता, तो आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा जवळच्या मोठ्या शहरात आहे. तो वेळेवर गाठणं तेवढं उरलं आहे.

लेझर आणि इंजेक्शनची भीती

"लेझर केलं आणि डोळा गेला," अशी एखादी गोष्ट प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळते. बहुतेक वेळा त्यात झालेलं असतं असं की माणूस पोचला तेव्हाच डोळा जाण्याच्या काठावर होता. लेझर गेलेली नजर परत आणत नाही, असलेली राखतो. कच्च्या वाहिन्या वाढू नयेत म्हणून पडद्याच्या कडेच्या भागावर किरणांचे बारीक चटके देतात. त्याने अंधारात थोडं कमी दिसणं, बाजूचं थोडं कमी दिसणं असा त्रास काहींना होतो. तो सौदा मधली नजर वाचवण्यासाठी असतो. डॉक्टरांनी हे आधी समजावून सांगितलं पाहिजे, आणि नाही सांगितलं तर आपण विचारलं पाहिजे. तो आपला हक्क आहे.

पडद्याच्या मधोमध सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण आधी डोळा बधिर करतात आणि काम काही क्षणांचं असतं. औषधं वेगवेगळ्या किमतीची आहेत, त्यात स्वस्त पर्यायही आहे, तो परवडण्याबद्दल मोकळेपणाने बोला. महत्त्वाचं म्हणजे एका इंजेक्शनने भागत नाही. सुरुवातीला साधारण महिन्याला एक, असं बरेच महिने चालतं. पहिल्या दोन इंजेक्शनांनी बरं वाटलं म्हणून तिसऱ्याला न जाणारे पुष्कळ. सूज पुन्हा येते, आणि मग लोक म्हणतात इंजेक्शनचा उपयोग झाला नाही.

डोळ्यात रक्त भरलं असेल किंवा पडदा ओढला गेला असेल तर मोठं ऑपरेशन लागतं. तिथवर वेळ येऊ नये, म्हणून तर ही सगळी खटपट.

वस्तीत आणखी एक उपाय चालतो, डोळ्यात मध, गुलाबपाणी, कुठल्यातरी पाल्याचा रस. बाहेरून घातलेलं यातलं काही पडद्यापर्यंत पोचत नाही, उलट डोळ्याच्या समोरच्या काचेला जखम आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून शुगरची गोळी बंद करणं त्याहून वाईट. पडद्याला त्याची किंमत मोजावी लागते.

पडदा राखायचा तर साखर काबूत हवी, आणि तितकंच रक्तदाबाकडेही लक्ष हवं. बारीक वाहिन्यांवर जास्त दाब पडला की गळती वाढते. इंग्लंडमधला मधुमेहाचा एक मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, त्यात रक्तदाब नीट ताब्यात ठेवलेल्या लोकांचा पडदा इतरांपेक्षा बराच कमी बिघडला. बीपीची गोळी "डोकं दुखलं तर घेतो" अशी घेऊ नका. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, ती सात टक्क्यांच्या आसपास असलेली बरी. वय आणि इतर आजार बघून डॉक्टर आकडा ठरवतात. विडी-सिगारेट सोडा. आणि पडद्यावर परिणाम दिसला असेल तर लघवीतून प्रथिनं जातात का तेही तपासून घ्या, कारण मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांची गतही बऱ्याचदा तीच झालेली असते.

चष्म्याबाबत एक पैसे वाचवणारी गोष्ट. साखर खूप वर-खाली होत असताना डोळ्याचा नंबरही बदलत राहतो. नव्याने गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू झालं असेल तर काही आठवडे साखर स्थिर होऊ द्या, मग चष्मा करा. नाहीतर महिन्याभरात तो चष्मा कपाटात जातो.

वर्षाची तपासणी झालेली असली तरी काही खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. अचानक डोळ्यासमोर काळे ठिपके, धागे किंवा जाळं तरंगू लागणं, एका बाजूने सावली सरकत येणं, वीज चमकल्यासारखं दिसणं, एकाएकी नजर कमी होणं. दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकडी दिसत असेल तर आठवड्याच्या आत जा. घरी अधूनमधून एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघावं, मग दुसरा झाकून. दोन्हींत फरक जाणवला तर तेही कारण पुरेसं आहे. मात्र फरक नाही म्हणजे पडदा ठीक, असा अर्थ काढू नका.

जायचं कुठे? उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात नेत्र विभाग असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे केस पेपरचे आणि काही तपासण्यांचे थोडे पैसे लागू शकतात, पण पडद्याचे तज्ज्ञ आणि लेझर यंत्र तिथे मिळण्याची शक्यता जास्त. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. शुगरची फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुना चष्माही न्या. परत येताना डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या की पडद्यावर काय दिसलं आणि पुढची तपासणी कधी. "सगळं ठीक आहे" हे नुसतं तोंडी ऐकून येऊ नका, पुढच्या वर्षीच्या डॉक्टरांना तुलना करायला तो कागदच कामी येतो.

विहारात किंवा मंडळातर्फे शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द. नेत्र रुग्णालयाला शिबिरासाठी पत्र देताना नुसतं "नेत्र तपासणी" असं लिहू नका, "मधुमेहींच्या पडद्याची तपासणी, फंडस कॅमेऱ्यासह" असं लिहा. असे कॅमेरे आता हातात धरण्याइतके लहान निघाले आहेत, मोबाइलला जोडूनही चालतात. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत डॉक्टर नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी अशा कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढले आणि संगणकाने त्यातले संशयित फोटो बाजूला काढले, याचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे वस्तीत हे होऊ शकतं. शिबिराच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापा की थेंब टाकणार आहेत, वाहन आणू नका, सोबत कुणाला तरी आणा. शिबिर रविवारी ठेवलं तर खाडा पडत नाही. आणि ज्यांच्या पडद्यावर काही सापडेल त्यांची वही एका कार्यकर्त्याकडे द्या, त्यांच्या संमतीने. पंधरा दिवसांनी त्यातल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायचं, मोठ्या दवाखान्यात जाऊन आलात का? नसतील गेले तर कोणत्या वारी जमेल ते विचारून सोबत जायचं.